खात्रीतला काना

घाटकोपर पश्चिमेला फरसाणवाल्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर
काचेच्या दाराला चिकटवलेली अक्षरं :
सिबिल दुरुस्ती. सात दिवसांत. खात्रीने.
खात्रीतला काना निघून पडला होता.
मी तो मनातल्या मनात लावून घेतला
आणि आत गेले.

आत एसी. पाणी विचारलं.
कुडतडकर नावाच्या त्या पोराने
माझा आकडा पाहिला, पाचशे एकेचाळीस,
आणि डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरतात तसा
मोबाइल वर धरून जीभ टाळूला लावली : च्, च्.
"आत आपली माणसं आहेत, मॅडम.
जुनं सगळं पुसून टाकू.
तुम्ही फक्त ओटीपी सांगायचा."
साडेसहा हजार, दोन हप्त्यांत.

हप्ते चुकवलेली बाई मी,
पण ते दोन भरले
तारखेच्या आदल्या दिवशी.

परळला दातांच्या लॅबमध्ये काम करते. कवळ्या.
प्लास्टर कालवलं की थांबायचं असतं.
घाईने साचा उघडला तर कोपरा तुटतो
आणि कुणाच्या तरी हिरडीला महिनाभर टोचत राहतो.
सतरा वर्षं नव्या मुलांना हेच सांगतेय.
स्वतःच्या वेळी मात्र
सात दिवस खरे मानले.

आठव्या दिवशी फोन लागला नाही.
दहाव्या दिवशी काचेवर नुसते गोंदाचे डाग.
खालचा फरसाणवाला पापडी तोलता तोलता म्हणाला,
"तुम्ही अकराव्या."

रविवारी धाकटीने अख्खा अहवाल उघडून दिला.
फुकट.
वर्षातून एकदा कुणालाही मिळतो, फुकट.
सोळा पानं. पहिल्यांदाच वाचली.

नऊ पानांवर मी होते :
यांच्या झेरॉक्स मशीनचं कर्ज, सही माझी,
मशीन विकलं त्या वर्षीचे थकलेले हप्ते,
साठ दिवस, नव्वद, एकशे वीस,
आणि शेवटी 'सेटल्ड' हा शब्द,
वसुलीवाल्याने जो मला सुटका म्हणून विकला होता.

उरलेल्या पानांवर दुसरीच कुणी.
हेमलता कांबळी. नाव माझं, जन्मतारीख माझी,
पत्ता मालवणीचा,
आणि एक स्कूटर, जिच्यावर मी कधी बसले नाही.

तक्रारीला पैसे पडले नाहीत.
सव्विसाव्या दिवशी स्कूटर माझ्या नावावरून उतरली.
मशीन तिथेच राहिलं.
खोटं पुसता येतं.
खरं फक्त जुनं होत जातं.

बँकेत जाऊन विचारलं, तेव्हा सोडलेले किती?
एकवीस हजार चारशे.
भिशी लागली त्या महिन्यात भरले,
दाखला प्लास्टिकमध्ये घालून रेशन कार्डाशेजारी ठेवला.
मग पंधरा हजारांची ठेव, तिच्यावर कार्ड,
कार्डावर गॅस आणि धाकटीचा रिचार्ज, तिसरं काही नाही.
चार तारखेला सगळं भरून टाकते.
कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी
एक दात काढते, छोटासा.

पाचशे अठ्ठावन्न.
पाचशे चौपन्न (का उतरला, कोण सांगणार).
सहाशे तीन.

कधी तिचा विचार येतो.
ती स्कूटर एखाद्या सकाळी
तिच्या पानावर जाऊन उभी राहिली असेल,
आणि तीही शोधत असेल एखादं काचेचं दार.
तिचा नंबर अहवालात छापलेला होता.
तीनदा लावला, चौथ्यांदा तिने उचलला.
म्हटलं, मी हेमलता कांबळी बोलतेय.

पलीकडे कुकरची एक शिट्टी.
मग ती, एकेक शब्द मोजून :
"आता माझंच नाव घेऊन फोन करायला लागलात?
ओटीपी मिळणार नाही."

ठेवला तिने.
मला फार बरं वाटलं.